काचेवरची पन्नी

आज गांधीबागेच्या बाजारात लग्नकार्यात घालायला चामडी पट्ट्याचं घड्याळ घेतलं. दुकानदार काचेवरची पन्नी सोलू लागला, तसा मी त्याचा हात धरला.

ताईच्या साक्षगंधासाठी बाबांनी खास सोनेरी घड्याळ घेतलं होतं. चरा पडू नये म्हणून पन्नी तशीच ठेवलेली. होणाऱ्या व्याह्यांनी ती पाहिली. "इवाईबुवा, हे काहून ठेवली?" म्हणत चारचौघांत सर्रकन ओढून काढली. सगळे हसले. मला बाबांचीच लाज वाटली. मी पाहुण्यांच्या मागे सरकलो. त्या सरकण्याच्या आठवणीने आज दुकानात माझी मान खाली गेली.

त्या दिवशी, हसणं ओसरल्यावर थोड्या वेळाने गुरुजींनी बाबांना विचारलं, "किती वाजले?"

बाबांनी सदऱ्याची बाही बोटांपर्यंत ओढली. "माह्यापाशी घड्याळ नाही," ते म्हणाले.