अकरावं पाऊल

आमच्या सुताराला सगळे भडकू मिस्त्री म्हणतात, आणि तेही तोंडावर. पाठीमागे म्हटलेलं कळलं तर ते जास्त भडकतात. स्क्रू वाकडा गेला तर स्क्रूवर, चहा गार झाला तर चहावर. आमचा लाकडी जिना वीस वर्षांपूर्वी त्यांनीच केला. तेव्हा तीनदा काम सोडून गेले आणि तीनदा, कोणी न बोलावता, परत आले.

त्यामुळे यंदा वरच्या मजल्यावर लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना कळवलंच नाही. खरं सांगायचं तर घाबरलो. मेहुण्याने ओळखीचा कंत्राटदार आणला. गोड बोलणारा माणूस. दोन दिवसांत काम उरकलं आणि आम्ही अनवाणी फिरून त्याचं कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी आई जिना चढून वर पोचता पोचता अडखळली. आठव्या दिवशी पुन्हा. कठडा हाताशी होता म्हणून वाचली. मी समजूतदारपणे म्हणालो, "आता वय झालं तुझं. स्वयंपाकघरामागची खोली रिकामी करतो, खाली ये."

आईची खोली वर, शिलाई मशीन वर, सकाळच्या उन्हाची खिडकी वर. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने फोनवर एवढंच म्हटलेलं ऐकू आलं, "मिस्त्री, जरा येऊन जा."

ते आले, जिना चढले, आणि वर पाऊल टाकताना स्वतःच अडखळले.

"कोणी केलं हे?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी कठड्याकडे पाहिलं.

मिस्त्रींनी टेप काढली. "या दहा पायऱ्या. सगळ्या एका उंचीच्या, मी केल्यात. अकरावं पाऊल वरच्या जमिनीवर. त्या शहाण्याने खाली प्लाय घातला, वर लाकूड घातलं, आणि हे पाऊल बावीस मिलिमीटरने उंच करून ठेवलं. दहा वेळा पायाला सवय लावायची आणि अकराव्याला दगा द्यायचा. वहिनींचं वय झालेलं नाही रे, तुझी अक्कल गेलीय."

"काका, बोटभर तर फरक आहे," मेहुणा म्हणाला.

"तुमच्या खुर्चीचा एक पाय बोटभर कापतो. मग बसा जेवायला."

त्यांनी काठाची पट्टी अंगठ्याने दाबली. ती हलली. "डिंक लावलाय. चढताना-उतरताना माणसाचा सगळा भार जिथे येतो, तिथे नुसता डिंक. भिंतीपासून सुरुवात केली आणि उरलासुरला तुकडा इथे आणून चिकटवला. सुरुवात जिन्यापासून करायची असते. भिंतीपाशी चुकलं तर चूक कपाटाखाली जाते. इथे चुकलं तर माणूस दवाखान्यात जातो."

मी धीर करून सुचवलं, "मग सगळ्या पायऱ्यांवर तेवढ्याच जाडीची फळी टाकू या."

"वा. म्हणजे खालची पहिली पायरी उंच होईल. आज वर पडतात त्या उद्या खाली पडतील."

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवरच हिशेब मांडला. बावीस भागिले अकरा, म्हणजे प्रत्येक चढ फक्त दोन मिलिमीटरने वाढवायचा. हिशेब इतका सरळ सुटला की त्याचाही त्यांना राग आला.

सहा दिवस ते जिन्यावर होते. पहिल्या पायरीवर दोन मिलिमीटरचा थर, दुसरीवर चारचा, तिसरीवर सहाचा, असं करत दहावीवर वीस. सातवीची फळी दोनदा रंधून दोनदा फेकून दिली, आणि दोन्ही वेळा दोष मेहुण्याला दिला. तो तेव्हा ऑफिसात होता. वरच्या काठाला अखंड गोल कडेची फळी बसवून ती स्क्रूने खालच्या तुळईत आवळली.

सातव्या दिवशी आईच्या हातात शिवायच्या कपड्यांचा हनुवटीपर्यंत ढीग दिला. "चढा वहिनी. खाली बघायचं नाही."

मी तिच्या मागे उभा राहिलो.

"तू हो बाजूला. तुला बघून त्यांना पडावंसं वाटेल."

आई चढली. चढताना माझ्या बायकोला बटणांच्या डब्याबद्दल काहीतरी विचारत होती. दहावी पायरी, अकरावं पाऊल, आणि तिचं वाक्य तसंच पुढे खोलीत गेलं. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.

मिस्त्री टेप हातात धरून खाली उभे होते. मशीनचा आवाज बराच वेळ ऐकत राहिले. मग हत्यारांची पिशवी उचलली.

"बघितलंस? सहा दिवस मरमर केली," ते दारातून म्हणाले, "आणि वहिनींना कळलंसुद्धा नाही."