शकूचं खमीर

शकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. फोन शकूचाच होता, बोलत होता एसटीचा कंडक्टर. "मावशी, ह्या चष्म्यावाल्या बाई तुमच्या कोण लागतात? जालन्याच्या स्टँडवर गाडीत चढता चढता खाली बसल्या... दवाखान्यात नेलं, पण काही राह्यलं न्हाई." नणंद लागते, म्हटलं. आणखी काय सांगणार! तिची पिशवी त्यानं दुसऱ्या दिवशी आमच्या गावाच्या, वडीगोद्रीच्या थांब्यावर उतरवून दिली. पिशवीत चायना ग्रासचं पाकीट होतं. लोकांना वाटलं, म्हातारीला या वयात जेली खायची हौस आली होती. तिला ते खमिरासाठी हवं होतं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा शकू परकर घालून शाळेत जायची. मी चौथीपर्यंत शिकलेले. ती शिकतच गेली, आधी जालन्याला, मग पुण्याला, आणि शेवटी एका मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाली. लग्न केलं नाही. सुट्टीला आली की माझे मालक तिला चिडवायचे, "शके, जिलबीवाल्याच्या पिठात जे फुगतं, त्याच्यावर सरकार तुला पगार देतं?" ती म्हणायची, "देतं ना दादा. तू बी फुगून दाखव, तुला बी देईल."

खमीर म्हणजे पावात, जिलबीच्या पिठात, शिंदीत फसफसतं ते. त्याचा एकेक जीव डोळ्यांना दिसत नाही. अंगावर फोड यावा तशी त्याला लेक फुटते, ती वाढते आणि पुरी झाली की आईपासून तुटते. शकूचा सगळा जन्म या तुटण्यात गेला. आता तूट, हे लेकीला कोणता जनुक सांगतो, एवढंच तिला बघायचं होतं. बाकीच्यांनी त्यातले बरेच जनुक आधीच शोधले होते. तिच्या वाट्याला किरकोळ काम आलं, किरकोळ लेख आले. तिला ते माहीत होतं. तोंडावर सांगायची, "वहिनी, मी नसते तरी काही अडलं नसतं." मी तिला खोटं धीराचं बोलले नाही. मला काय कळत होतं त्यातलं?

मग एका दिवाळीत आमच्या ओढ्याच्या शिंदीच्या झाडांचा रस ती बाटलीत भरून घेऊन गेली. त्यातल्या खमिराच्या लेकी तुटतच नव्हत्या. पोरींनी आईला चिकटून राहायचं, नातींनी पोरींना, सगळ्यांचा मिळून एक गोळा. आणि तुटण्याचे जे जनुक माहीत होते ते सगळे शाबूत. म्हणजे न तुटण्याचं कारण दुसरंच, कोणालाच माहीत नसलेलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना हे तिला सापडलं. त्या सालात ती मला पहिल्यांदा खूश दिसली... पुन्हा तशी दिसली नाही.

निवृत्त झाल्यावर तिची खोली दुसऱ्याला दिली. तिचं खमीर ज्या मोठ्या थंड पेटीत गोठवून ठेवलं होतं, ती सुट्ट्यांमध्ये बंद पडली आणि आतलं सगळं वितळून नासलं. काचेच्या काही नळ्या तेवढ्या हाताशी होत्या. त्या बर्फात घालून ती वडीगोद्रीला आली आणि माझ्या फ्रीजचा खालचा कप्पा तिनं घेतला. मी भांडले. "माझ्या दुधाशेजारी तुझी बुरशी नको." ती म्हणाली, "दूध तू दुसरं आणशील. हे कुठून आणशील?" दर काही महिन्यांनी बटाट्याच्या पाण्यात साखर आणि चायना ग्रास शिजवून नव्या नळ्या भरायची, तार माझ्या गॅसवर लाल करून जुन्यातलं नव्यात लावायची. वंदना म्हणून तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई आहे, आता स्वतः प्रोफेसर आहे. ती किती वेळा म्हणाली, मॅडम, थोडं माझ्याकडे राहू द्या. शकू देईना. काम पुरं झालं की देते, म्हणायची. हट्टी होती, आणि संशयी. मेली म्हणून ते झाकायचं नाही. शेवटी या खेपेला कबूल झाली होती. ते चायना ग्रास वंदनासाठीच्या नळ्यांचं होतं.

सोबत आणलेल्या जुनाट सूक्ष्मदर्शकातून तिनं मलाही दाखवलं होतं. "वहिनी, बघ की." मी म्हटलं, "हा तर तुझा भावकीचा गोतावळा. एकमेकींना सोडून राहायला तयार न्हाईत." ती चष्मा काढून हसली.

आमच्याकडं मयत झालं की घरातलं शिजलेलं, विरजलेलं, आंबलेलं, भरून ठेवलेलं पाणी, सगळं बाहेर जातं. घरच्या बाईनं त्याला हात लावायचा नसतो. तिनं मयताजवळ बसायचं, बाकीचं भावकीतल्या बायांनी करायचं. शकूला जालन्याहून घरी आणलं तेव्हा माझी जाऊ कमल आत होती. "फ्रीज बी बघा गं, आंबलेलं ऱ्हायला नको," हे मला बाहेर ऐकू आलं. काचा वाजल्या, तेही ऐकू आलं. मी शकूचे पाय सरळ करत होते. त्या आवाजाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही.

तेराव्यानंतर वंदना आली. सोबत बर्फाचा डबा होता. काही विचारायच्या आत कमलनं चहा आणला आणि फळीवरचं ताट खाली घेतलं. ताटात सगळ्या नळ्या उपड्या मांडलेल्या होत्या, लखलखीत. "ह्याच शोधून राह्यल्या ना? ताडीवानी वास मारत होत्या, बाई. काच चांगली व्हती म्हणून टाकू वाटंना. उकळत्या पाण्यात सोडा टाकून धुतल्या. एकबी फुटू दिली न्हाई."

वंदनानं एक नळी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. ओढ्यावरची झाडं आहेत का, तिनं विचारलं. रस्ता रुंद केला तेव्हाच गेली, मी सांगितलं. मग कमललाही सांगितलं, त्या नळ्यांत काय होतं. ती म्हणाली, "मंग तसं फ्रीजवर लिहून ठिवायचं न्हाई का?" बराबर बोलली.

भेटायला येणारे म्हणत होते, नाव राहील शकुंतलाबाईंचं. मी वंदनाला विचारलं, "तिनं लिहिलंय की सगळं. ते छाप."

"नुसतं लिहिलेलं चालत नाही, काकू. दुसऱ्यानं तेच करून बघावं लागतं. त्यालाही तसंच दिसलं तर खरं धरतात. आता बघायला काहीच नाही."

"तू न्हाई पाह्यलं?"

"मॅडमनी कधी दाखवलंच नाही."

"मी पाह्यलंय," मी म्हटलं. कसं पाहिलं तेही सांगितलं. मधी थोरली, तिला चिकटलेल्या पोरी, पोरींना चिकटलेल्या नाती, आणि काच हलवली तर अख्खा गोळा सोबत हलायचा, एकही सुटायची नाही. मी सगळं नीट, सावकाश सांगितलं. एवढं एक काम शकूसाठी करण्यासारखं उरलं होतं.

वंदना मान हलवत ऐकत होती. तिनं त्यातलं काही लिहून घेतलं नाही.