महाराष्ट्राच्या वयाची मुलगी

माझा वाढदिवस एक मे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच दिवशी मी झाले, असं बाबा वसईभर सांगत. आमच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर रोज राज्याच्या इतिहासातला दिनविशेष लिहायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. केळीच्या वाडीला पाणी लावायला उशीर झाला तरी चालेल, फळा कोरा राहता कामा नये. कोणता किल्ला कधी जिंकला, कोणतं धरण कधी बांधून झालं, सगळं रंगीत खडूनं. एक मेला राज्याच्या स्थापनेखाली माझंही नाव असे.

नुसता वैताग! इतर मुलींना वाढदिवसाला नवा फ्रॉक, मला मात्र शाळेत झेंड्याशेजारी उभं करत. पाहुणे माझ्या डोक्यावर हात ठेवून राज्याच्या प्रगतीवर बोलत सुटायचे. ऊन चढायचं, त्यांची प्रगती काही संपायची नाही.

त्यात शाळेचे निकालही त्याच दिवशी. नववीला गणितात माझी दांडी उडाली, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "महाराष्ट्र नापास!" सगळं मैदान हसलं, पाहुणेसुद्धा. मी तशीच रडत घरी आले.

आई पडवीत सुके बोंबील साफ करत बसली होती. तिच्यापुढे मी थयथयाट केला. "मला हा दिवसच नको! याच दिवशी कशाला जन्माला घातलंस मला?"

"कोन म्हनतं या दिवशी?" आईनं मानही वर केली नाही. "आदल्या दिवशी झालीस तू, भर दुपारी. मी इथं कळा देतेय आनि हे मुंबईला रोषनाई बघायला गेलेले. एक तारखेला परत आले, तवा तुला पहिल्यांदा बघितलं. म्हनून तीच तुझी तारीख. मला कोन विचारतंय?"

माझं रडूच थांबलं. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या वाढदिवसाला उभी होते! मी बाबांना जाब विचारायला निघाले, तर आईनं हात धरून बसवलं. त्यांच्याशी भांडून ती केव्हाच दमली होती.

पुढच्या वर्षी तीस एप्रिलला तिनं गुपचूप शेवयांची खीर केली. बाबा फळा लिहून आले, दोन वाट्या खीर संपवली, तिसरीसाठी वाटी पुढे केली आणि खुशीत म्हणाले, "आज काय विशेष?"

"तुमच्या फळ्यावर नाय ते," आई म्हणाली आणि उरलेली सगळी खीर माझ्या वाटीत ओतली.