ताहूवाल्याच्या गाडीचं नवं तोंड

पडदा वर जातो तेव्हा देलांगू गावातल्या आमच्या गल्लीत नुकतं ऊन उतरलेलं असतं. डावीकडे तुकिरानचं गॅरेज, शटर अर्धं वर. उजवीकडे माझी चहाभाताची टपरी. लांबून, विंगेतून यावा तसा, एक आवाज येतो, फटफट करणारा, मध्येच खोकणारा. बायका वाडगे घेऊन दारात उभ्या राहतात. मग प्रवेश होतो कांग कासिदीचा, म्हणजे कासिदीदादाचा. ठेंगणी मूर्ती, जुनी सत्तर सीसीची गाडी, मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे मोठे डबे, डब्यात पाणी आणि पाण्यात सोयाबीनच्या दुधाचा, पनीरसारखा पांढराशुभ्र ताहू.

ताहूवाले पुष्कळ होते, पण कासिदीचा ताहू हातात घेतला तर तो श्वास घेतोय असं वाटायचं. तो घरोघर जायचा. कोणाला तळायला हवा, कोणाच्या म्हातारीला दात नाहीत म्हणून मऊ हवा, हे त्याला पाठ होतं. बायको गेल्यापासून ही फेरी हाच त्याचा संसार होता. मुलगी दूर तांगेरांग शहरात, कारखान्यात. ती दर सणाला म्हणायची, "बापा, फेरी सोड आणि माझ्याकडे ये." तो म्हणायचा, "गाडी चालतेय तोवर नाही."

तो मला यू म्हणायचा, म्हणजे ताई; त्याचा स्वभाव मला जुना ठाऊक. आमचा केतोप्राकचा, म्हणजे राजाराणीच्या लोकनाट्याचा, फड जोरात होता तेव्हा तो दुपारच्या तालमींना तळलेला ताहू घेऊन यायचा. मी फडातली राणी, मुकुट घालूनच बोटं चाटत खायची. एकदा सैनिक कमी पडला म्हणून मालकांनी यालाच भाला देऊन उभा केला. शेजारचा सैनिक अख्खा प्रवेशभर याच्या पायावर उभा. पडदा पडल्यावर बघते तर अंगठा काळानिळा.

"अरे, कोपर तरी मारायचं होतंस."

"त्याचा चेहरा पडला असता, यू," तो म्हणाला. "प्रेक्षकांसमोर."

असा माणूस. आणि अशा माणसाच्या गाडीला बाजारात रिव्हर्स घेणाऱ्या एका टेम्पोने समोरून धडक दिली. कासिदी वाचला, गाडीचं तोंड मात्र पार वाकडं झालं. हँडल, फोर्क, चाक, सगळंच. तुकिरानने सोलो शहराचा भंगार बाजार पालथा घातला, पण त्या सालचा भाग मिळेना. तुकिरान म्हणजे सोन्यासारखा माणूस. बाप लवकर गेला, तेव्हापासून कासिदीला पाकदे म्हणणारा, म्हणजे थोरला काका. त्याच्याकडे पोरांच्या एका शर्यतीच्या गाडीचं पुढचं अंग पडलं होतं. जाडजूड फोर्क, डिस्क ब्रेक, खाली झुकलेली हँडलं. धडकेच्या धसक्याने आलेला कासिदीचा ताप उतरेपर्यंत त्याने जुनी दांडी लेथवर उतरवून नव्या फोर्कात बसवली, हँडल वळवणारा कोनसेट जुळवला, रंग दिला. मजुरीचं नाव काढलं नाही.

मग गल्लीने स्लामेतान घातलं, म्हणजे सगळ्यांचं दुआ-जेवण. गॅरेजसमोर चटया, मधोमध पिवळ्या भाताचा डोंगर, मशिदीच्या मोदीनांची दुआ. चादर ओढलेली गाडी शेजारी, नवरीसारखी.

"पाकदे, डोळे मिटा," तुकिरान म्हणाला.

"मिटले."

"आता उघडा."

कासिदी बघत राहिला. "ही माझीच का रे?"

"मागून बघा, ओळखाल."

सगळे हसले. कासिदीही हसला. कोणीतरी विचारलं, कशी आहे. तो म्हणाला, "छान." आणि तिथेच सगळं संपलं, हे मला पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर आला तेव्हा अर्धा ताहू चुरा झालेला.

"यू, ती घोड्यासारखी मान वर करते गं. नवा फोर्क उंच. मागे डबे भरले की पुढचं चाक जमिनीला नुसतं चाटून जातं. हँडल धरायला मी नमाजाला वाकावं तसा वाकतो. आणि ब्रेक... जुना ब्रेक मी मूठ आवळून दाबायचो, तेव्हा कुठे पुढच्या दाराशी थांबायची. इथे बोट लावलं की मी हँडलवर."

"मग सांग त्याला. तो बदलून देईल."

"कसं सांगू? मोदीनांनी दुआ केली. गल्ली जेवली. तुझ्या घरी केळीच्या पानातून भात गेला ना?"

"गेला."

"मग. त्या भाताला आता काय म्हणू, परत ये?"

"मी सांगते."

"तू सांगितलंस म्हणजे मी तुझ्याकडे रडलो हे त्याला कळणार."

"रडतोयसच की."

"तुझ्याकडे सगळेच रडतात. तू राणी होतीस."

मी चहा पुढे सरकवला.

त्याने उपाय केले. पुढचं चाक दबावं म्हणून हँडलला विटा बांधल्या. तुकिरानने पाहिलं आणि पोट धरून हसला. "पाकदे, गाडीच्या गळ्यात विटा? शोभा घालवताय," म्हणत त्याने प्रेमाने त्या सोडून घेतल्या. मग कासिदी डबे अर्धेच भरू लागला. मग गाडी चालू न करता ढकलत नेऊ लागला. कोणी विचारलं तर, "डॉक्टर म्हणाला, चाला." लांबच्या वस्तीत पोहोचेपर्यंत ऊन चढायचं, पाणी कोमट व्हायचं, ताहू आंबायचा. तिकडच्या बायकांनी दुसरा माणूस धरला. दात नसलेली म्हातारी कोणाकडून घेत असेल, हे तो मला दोनदा विचारून गेला.

मुलीचा फोन आला. गाडी बंद आहे का, म्हणाली. कोणीतरी कळवलं असणार. "बंद नाही," कासिदी म्हणाला, "मी नुसता चालतोय." तिने सुट्टी घेतली आणि न्यायला येते म्हणाली.

ती यायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याने डबे काठोकाठ भरले. मी टपरीतून पाहत होते. अंगात नवा सदरा. गाडी चालू करून बसला. आपली फेरी अजून चालू आहे, हे उद्या पोरीला सांगता यायला हवं होतं त्याला. तुकिरान शटर सोडून बाहेर आला, खूश होऊन. "हां, अशी. भ्यायचं कशाला, पाकदे?"

मशिदीच्या वळणापर्यंत ठीक गेला. वळणावर सोतोचं सूप विकणाऱ्याची हातगाडी आडवी आली. तीस वर्षांच्या सवयीने कासिदीने मूठ आवळून ब्रेक दाबला.

आवाज मोठा झाला नाही. डबे उलटले, पाणी पसरलं, आणि पांढरा ताहू रस्ताभर. तो रस्त्यात बसला होता, डाव्या हाताने उजवं मनगट धरून. मनगट मोडलं आहे हे लांबूनही कळत होतं. सदरा भिजून अंगाला चिकटलेला. बायका वाडगे घेऊन धावल्या, ताहू उचलू लागल्या, जणू तो परत विकता येणार होता.

तुकिरान गुडघ्यांवर बसला. चेहरा पांढरा फटक. "पाकदे, खरं सांगा. तोंड चुकीचं बसलंय का? माझं काही चुकलं का?"

गल्लीतले सगळे कासिदीकडे वळले. रंगमंचावर कोणी वाक्याला अडला की आम्ही विंगेतून ओठ हलवून वाक्य पुरवायचो. मीही ओठ हलवले. सांग, सांग. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काय सुचवतेय ते ओळखलं, आणि मान वळवली.

दुसऱ्या दिवशी मुलगी त्याला दवाखान्यातूनच तांगेरांगला घेऊन गेली. मनगट सांधलं, पण मूठ वळत नाही म्हणे. गाडी गॅरेजच्या मागे उभी आहे. त्यानंतर तो या गल्लीत आला नाही. दवाखान्याच्या रिक्षात बसण्याआधी चिखलात बसूनच तो जे बोलला, तेच त्याचं इथलं शेवटचं. चांगला हात तुकिरानच्या खांद्यावर ठेवून म्हणाला,

"नाही रे. ब्रेक उत्तम लागतो. बघ ना, जागच्या जागी थांबली."