गोरडसरांचा जागल्या

गोरडसर माणसाला नाव विचारत नसत. मी साताऱ्याहून गणित शिकवायला सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नवीनच आले होते. संगणकाच्या खोलीचं दार उघडलं, तर जाड मिशांचा एक माणूस टेलिप्रिंटरवर वाकून प्रोग्रामाची भोकं पाडलेल्या कागदी फितीशी झोंबत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “कुणाच्या वं तुमी?”

मी नाव सांगितलं. वर विद्यापीठात पहिली आल्याचंही सांगून टाकलं.

“ते ऱ्हाऊ द्या. कुणाच्या?”

मग झक मारत वडिलांचं नाव, त्यांची शाळा, आमची पेठ, सगळं सांगितलं. “हां, आता कळलं,” म्हणून ते पुन्हा फितीकडे वळले. नावाचं त्यांना एवढं वावडं का, ते पुढे समजलं. सर म्हसवडचे. सिद्धनाथाच्या गावात घरटी एक नाथा, आणि हेही नाथाच. “आमच्यात नुसती नाथा म्हणून हाक मारली तर आख्खी गल्ली ओ देती. म्हणून आदी कुणाचा ते. नावाचं काय, चिकटीवलं की चिकटतंय.”

घराणं मेंढरं राखणारं. सर त्यातून सैन्यात गेले, सिग्नलमध्ये तारा जोडता जोडता शिकले, पदवी घेतली आणि कॉलेजात संगणक आला तेव्हा हंगामी नेमणुकीवर चिकटले. सत्तरच्या दशकात आख्ख्या सांगलीत असलं फ्रिजएवढं यंत्र पाहिलेली माणसं विरळा. प्राचार्यांची त्याच्यावर कोण भक्ती! चपला बाहेर काढायच्या, आत हळू बोलायचं, खंडेनवमीला झेंडूचा हार. त्या हाराच्या पाकळ्या एकदा फीत वाचणाऱ्या यंत्रात गेल्या आणि सगळं बंद पडलं. सर भर व्हरांड्यात म्हणाले, “द्येव हाय का फ्रिज हाय, एकदा ठरवा. द्येव आसंल तर नवस बोलतो, फ्रिज आसंल तर दुरुस्त करतो.” प्राचार्यांना ते ऐकू गेलं. ऐकू जावं अशाच बेतानं सर बोलले होते.

‘हंगामी’ या शब्दाचा मात्र त्यांना खरा काच होता. कायम झाल्याशिवाय कॉलेजचं क्वार्टर नाही, आणि क्वार्टर नाही तोवर बायको आणि मुलगी म्हसवडलाच. सर इथे एका खोलीत स्वतः भाकरी थापायचे. त्या वर्षी दिवाळीहून परतले ते गप्प गप्प. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरगी दारात ख्येळत हुती. गमतीनं इचारलं, कुणाची गं तू? तर म्हनली, आज्ज्याची. आन पळाली आत, पाव्हणं आलं म्हून सांगायला.” सांगून ते मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

उन्हाळ्यात मुंबईहून संगणकात डॉक्टरेट केलेले एक डॉक्टरसाहेब येऊन नेमणुकांचं ठरवणार होते. सरांकडे वरची पदवी नव्हती, तेव्हा स्वतःचं काही काम दाखवणं भाग होतं. ते आवडलं तर कायम, नाहीतर म्हसवड. त्यासाठी सरांनी एक डीबगर लिहिला होता, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका धरायला मदत करणारा प्रोग्राम. त्याचं नाव त्यांनी ठेवलं जागल्या. रात्री पिकाच्या राखणीला बसणाऱ्या माणसासारखा हा एखाद्या व्हेरिएबलवर, म्हणजे प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या आकड्यावर, नजर ठेवून बसायचा, आणि त्याची किंमत बदलली रे बदलली की टेलिप्रिंटरवर ठणाणा करायचा.

साध्या प्रोग्रामांवर जागल्या चोख चालला. पण मी गणितवाली, जन्माची संशयी. मी एक रिकर्सिव्ह फंक्शन लिहून दिलं, म्हणजे काम करताना स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारं. काम सोपं होतं, एका म्हाताऱ्याचा गोतावळा मोजायचा. म्हातारा प्रत्येक मुलाला विचारणार, तुझ्याकडची किती? मुलगा तेच आपल्या मुलांना विचारणार, आणि उत्तरं बेरीज होत होत वर येणार. ज्याची त्याची मोजणी वेगळी, पण सगळ्या मोजण्यांचं नाव एकच.

सरांनी जागल्याला थोरल्या मुलाच्या मोजणीवर बसवलं. सुरुवातीला ठीक चाललं. मग थोरल्यानं बापाला उत्तर दिलं, त्याचं काम संपलं, तरी जागल्याचं ओरडणं चालूच. मोजणी म्हणे शून्यावर आली, मग पुन्हा चढायला लागली.

“तुमचं घराणंच बिघडलंय बाई,” सर म्हणाले.

“माझं घराणं ठणठणीत आहे. तुमचा जागल्या प्यायलाय.”

“आमचा जागल्या माळकरी हाय!”

यावरून आमचं बोलणं बंद झालं. कँटीनमध्ये आम्ही दोन टोकांना बसून चहा प्यायचो, आणि कपबशा आपटण्यावरून कोण जास्त चिडलंय ते पोरांना कळायचं. पण दिवस सरत होते आणि सरांची दाढी वाढत होती. शेवटी मीच गेले. सरांनी फीत चढवली. पुन्हा तेच. मोजणी बदलली, मोजणी बदलली, मोजणी बदलली. माझं डोकं फिरलं.

“बदलली, बदलली! अहो, पण कुणाची?”

सरांनी खाडकन कपाळावर हात मारून घेतला.

“आयला! थोरला तर गेला की घरी!”

गोष्ट एवढीच होती. थोरल्याचं काम संपलं की यंत्र आपल्या स्मृतीतली त्याची जागा मोकळी करून धाकट्याला देत होतं. जागल्या इमानेइतबारे ती जागा राखत बसला होता. तिथं आता कोण येऊन बसलंय, याची त्यानं चौकशीच केली नव्हती. भेटेल त्याला ‘कुणाचा’ म्हणून विचारणाऱ्या माणसाच्या जागल्याला नेमकं तेवढंच विचारायची अक्कल नव्हती! मी पोट धरून हसले. सर शिव्या घालत होते, आणि त्यातल्या निम्म्या स्वतःला होत्या. मग त्यांनी जागल्याला शिकवलं, की ही मोजणी कुणाची ते आधी पाहायचं, आणि तो माणूस उत्तर देऊन गेला की आपणही राखण सोडायची.

डॉक्टरसाहेब आले. प्राचार्यांनी त्यांनाही बूट काढायला लावले, तेव्हा मोज्यातून त्यांचा अंगठा बाहेर डोकावला. सरांनी नमस्कार केला आणि विचारलं, “कुणाचं वं तुमी?” प्राचार्यांना ठसका लागला.

“म्हणजे?” साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

“आमचा जागल्या बी ह्येच इचारतो, सायेब. बगा.”

साहेब खवट निघाले. मुलगे सोडून त्यांनी धाकट्याच्या धाकट्या लेकीची मोजणी राखायला सांगितली. फीत सुरू झाली. म्हाताऱ्याची पाळी आली, थोरल्याची आली, त्याच्या पोरांची आली. टेलिप्रिंटर मुका. प्राचार्य रुमालानं मान पुसू लागले. मग त्या नातीची पाळी आली आणि टेलिप्रिंटर खडखडला. तिची मोजणी बदलली तेवढं सांगितलं आणि ती उत्तर देऊन गेल्यावर गप्प बसला.

“गप्प बसायचं त्याला कसं कळलं?” साहेबांनी विचारलं.

“कुणाची हाय ते ठावं हाय त्येला.”

साहेब आता इंग्रजी सोडून म्हणाले, “मी वाळव्याच्या गणू मास्तरांचा.”

“मंग सुरवातीलाच सांगायचं की!” सर म्हणाले. प्राचार्य पुन्हा ठसकले. पण सर कायम झाले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यासारखा भांडायला माणूस मला पुन्हा मिळाला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण आठवण आली की मला तो जागल्या आठवत नाही, एक दुपार आठवते. जूनमध्ये क्वार्टर मिळालं, बायको आणि मुलगी आल्या. मुलगी हौसा, सारखी आईच्या पदराआड. बापाला ‘आबा’ म्हणायला आई शिकवायची, पण ती बरेच दिवस पाव्हणंच म्हणायची, आणि सर “पाव्हणं जेवलं का?” म्हणून स्वतःचीच थट्टा करायचे. मग एक दिवस ती एकटीच डबा घेऊन संगणकाच्या खोलीच्या दाराशी आली, चपला बाहेर नीट काढून. आत सर टेलिप्रिंटरवर वाकलेले.

मी मुद्दाम आवाज चढवून विचारलं, “कुणाची गं तू?”

टेलिप्रिंटरवरचा हात थांबला. तिनं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि बोट आत दाखवून म्हणाली, “आबाची.”

सरांनी मागं वळून पाहिलं नाही. फीत उलटी चढवून ते तशीच चालवत बसले.