तहकूब सभेचा रविवार

पाऊस महिनाभर असाच लागलेला. जोर नाही आणि उघडीपही नाही, नुसतं पाणी पडतंय. धुकं इतकं खाली उतरलेलं की वाडीतून निघालेली माणसं दहा पावलांवर नाहीशी व्हायची आणि मागून नुसता चपलांचा पचपच आवाज यायचा. हिरी डोक्यावर कणसांचं पोतं घेऊन उतरत होती. पायाची बोटं चिखलात रोवत, मान ताठ ठेवून. पुढं तिचा नवरा बारकू, खांद्यावर कोळशाची गोणी.

टपरीवरच्या ताडपत्रीला रात्रीच्या पाण्यानं पोट सुटलं होतं. हिरीनं खालून काठीनं रेटा दिला. सगळं पाणी मागं ओघळलं आणि थोडं तिच्या पाठीवर. ती तशीच कणसं सोलायला बसली.

"आज तुजं काय?" बारकूनं विचारलं. "बसणार का जाणार?"

"जाणार. अकराला सभा हाय."

"अकराला खाली गाड्या लागत्यात."

"म्हाईत हाय मला."

बारकूनं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. पुढचं त्यानं गिळलं. काय गिळलं ते हिरीला ठाऊक होतं. ही रविवारची सभा तिनंच ओढवून आणली होती.

हिरी अडतीस वर्षांची. आश्रमशाळेत दहावी झाली, लग्न झालं, मग खंडाळ्याच्या एका बंगल्यात बारा महिने फरशा पुसायचं काम केलं. एकदा लेकीच्या जातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत गेली, तर या टेबलावरून त्या टेबलावर आणि तिथून 'साहेब मीटिंगला गेलेत'वर. चौथ्या खेपेला बाकावर बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, टेबलाच्या पलीकडं काय चालतं हे कुठं शिकवत असतील का? शिकवत होते. मुक्त विद्यापीठात लोकप्रशासन नावाचा विषय होता. बी.ए. झालं रडतखडत, दोन विषय मागं राहून. आता एम.ए.चं शेवटचं वर्ष. तळेगावच्या अभ्यासकेंद्रात आसावरी मॅडम शिकवायच्या, आणि वाडीत तिला सगळे 'एमे' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्यावर अवलंबून.

यंदा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय होता धबधब्याच्या वाटेवरच्या टपऱ्या उठवून गाडीतळाच्या मागं न्यायचा. वाट ठाकरवाडीची, टपऱ्याही ठाकरवाडीच्या. गाडीतळामागं कोण येणार? माणूस भिजून धबधब्यावरून उतरतो, कुडकुडतो, तिथंच त्याला चहा नि भाजलेलं कणीस दिसावं लागतं. गाडीपाशी पोचला की तो दार लावून काच वर करतो.

आणि पंधरा ऑगस्ट म्हणजे सालातली सगळ्यात मोठी गर्दी. वाडीतलं एकही माणूस सभेला येणं शक्य नव्हतं. हिरी एकटी गेली. झेंडावंदनाचे चार पुढारी, दोन म्हातारे, शाळेचे गुरुजी. सरपंच दत्तोबा विषय वाचायला उठले तशी हिरी उभी राहिली.

"कोरम न्हाई. इतक्या थोड्या माणसांत सभा व्हत न्हाई."

ग्रामसेवक केशव भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. दत्तोबा मात्र चिडले नाहीत. हसून म्हणाले, "बरोबर हाय पोरीचं. सभा तहकूब. येत्या रविवारी घेऊ."

हिरी त्या दिवशी वाडी चढताना उडत चढली. दुसऱ्या सकाळी भाकरी थापताना मात्र हात थबकला. तहकूब सभेला कोरम लागत नाही! पुस्तकात होतं. तिनं स्वतः परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. रविवारी पाच डोकी जमली तरी ठराव पास. तव्यावरची भाकरी करपली. तिनं केशव भाऊसाहेबांना फोन लावला.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

आता एकच वाट होती. वाडीनं उठून सभेत बसायचं आणि हात वर करायचा.

रविवारी दहा वाजले तसे माळवली स्टेशनाकडून पोरांचे घोळके यायला लागले. हिरी टपरीटपरीवर फिरली. प्रत्येकीचं उत्तर एकच, मी उठते, पण शेजारणीला आधी उठव. एकीनं शेगडी झाकली की गिऱ्हाईक दुसरीकडं सरकणार. भागुबाई सगळ्यांत जुनी, तिची टपरी वळणावरची.

"मावशी, तुमी उठला तर बाकीच्या उठतील."

"आन् न्हाई उठल्या तर? माजी भजी तू खानार?" भागुबाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. "परवाच मिटत हुतं ते. तू गेलीस, कायदा सांगितलास, आन् आता आमाला ऐन रविवारी उठवायला आलीस. व्हय गं एमे, ह्येच शिकिवत्यात का तितं?"

"चुकलं माजं. पण परवा ठराव झालाच असता मावशी."

"झाला असता तर झाला असता. आज धंदा तरी झाला असता."

"आज झाला असता. पुढच्या साली कुटं करशाल?"

भागुबाईनं पुढची भजी कढईत सोडली. हिरी परत आली आणि तिनं आपल्या शेगडीवर घमेलं पालथं घातलं. बारकू बघत राहिला. समोर चार पोरं कणसाची वाट बघत उभी होती.

"मावशी, भुट्टा?"

"बंद हाय."

"अहो, आत्ता तर..."

"आत्ता व्हतं. आता बंद हाय."

ती पोरं वळणावर भागुबाईकडं गेली. भागुबाईनं पोरांकडं बघितलं, हिरीकडं बघितलं, एक कचकचीत शिवी हासडली आणि कढईवर परात टाकली. "बंद!" ती ओरडली. "सगळ्या झाका गं! जी झाकनार न्हाई तिच्या शेगडीवर मी येऊन पाणी वतीन!"

अकरा वाजता सभेला शाळेच्या खोलीत ओल्या लुगड्यांचा, तेलाचा, धुराचा वास भरला. दत्तोबांनी दारातली रांग बघितली आणि खुर्ची थोडी मागं घेतली.

"मावशी, तुमच्या विरोधात न्हाई हो मी. वाटेवर गर्दी व्हतीया. उद्या कुनी घसरून पडलं, चेंगराचेंगरी झाली, तर वरून मलाच इचारनार."

"मग गर्दीला उठवा," भागुबाई म्हणाली. "आमाला कशापायी?"

हशा झाला. दत्तोबाही हसले. केशव भाऊसाहेबांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूनं पुढच्या बाकावरचे तेवढेच. विरोधात हात वर झाले तेव्हा मागची भिंत दिसेना.

झालं. भागुबाईनं पदर खोचला. "चला गं, चला! तेल थंड झालं असंल!" आणि आल्या तशा सगळ्या निघाल्या, दारात चपलांची झोंबाझोंबी. बारकू तर केव्हाच खाली पळाला होता.

"थांबा!" हिरी म्हणाली. "लिवून हुंदे. थांबा जरा!"

"तू हायस की," कुणीतरी बाहेरून म्हणालं.

दत्तोबा घसा साफ करून म्हणाले, "मतभेद दिसत्यात. भाऊसाहेब, असं लिवा, विषय पुढील सभेपुढं ठेवण्यात यावा."

"पुढील सभा कशाला? पडला ठराव," हिरी म्हणाली. "नामंजूर लिवा."

"कुणाची हरकत?" दत्तोबांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत ओल्या पावलांचे ठसे होते आणि पुढचा बाक.

"माजी."

"एकटीची?"

हिरीनं केशव भाऊसाहेबांकडं बघितलं. ते वहीत बघत होते. "तुमची हरकत नोंदवतो, ताई," ते म्हणाले. "तेवढं करता येईल."

"पुढली सभा कदी?"

"दोन ऑक्टोबर."

म्हणजे जोडून सुट्ट्या आणि पुन्हा हीच गर्दी. हिरीनं सही केली. इतकं दमल्यासारखं तिला खंडाळ्याच्या फरशा पुसतानाही वाटलं नव्हतं.

खाली वाट गच्च भरली होती. भागुबाईच्या कढईत भजी पुन्हा तडतडत होती.

"काय गं, मिटलं ना?"

"न्हाई मावशी. दोन ऑक्टोबरला परत."

भागुबाईचा झारा हवेत राहिला. "परत झाकायचं?"

"परत. आन् शेवटचं वाक्य लिवून हुईस्तवर कुनी उठायचं न्हाई."

"सुट्टीच्या दिशी?"

"सुट्टीच्याच दिशी."

भागुबाईनं भजी उलटली, निथळली, कागदावर काढली. मग म्हणाली, "आदल्या दिशी सांग मग. त्या दिशी पीठ कमी भिजवीन," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

टपरीत बारकू एकटा घामाघूम झाला होता. त्यानं हनुवटीनं मागं दाखवलं. मागच्या बादलीत चहाचे उष्टे ग्लास बुडवून ठेवले होते, वर सायीचा तवंग. हिरीनं पदर कमरेला खोचला, उकिडवी बसली आणि एकेक ग्लास विसळायला लागली.