आधी दुसरी सीडी

पारबताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहाडीला, मी शिकवते त्या शाळेत होते. मधली सुट्टी नुकतीच झाली होती आणि मी डबा उघडत होते. फोन लाखांदूरहून मामाजींचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. मामाजी एसटीत कंडक्टर होते. जन्मभर धावत्या गाडीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरते. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज ऐकूच येईना. "बाई, तुयी आत्या गेली," ते म्हणाले. "चहा पेली, कप खाली ठेवला, अन् बसल्या जागी गेली. आता मी काय करू?" गावोगावच्या माणसांना कुठे उतरायचं ते सांगणारा हा माणूस मला विचारत होता, आता काय करू. मला उत्तर सुचलं नाही. ते मिळायला पुढे दिवाळीनंतरची मंडई उजाडावी लागली, आणि म्हणूनच आज हे लिहिते आहे.

पारबताआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा पहिला नवरा गेला आणि सासरच्या माणसांनी तिला पेटीसकट आंधळगावला आमच्या घरी आणून सोडलं. तेव्हापासून ती आमचीच. धानाच्या रोवण्याला बायकांच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे, भांडणात सगळ्यांच्या वर आवाज, आणि कुणाच्या घरी लग्न निघालं की मात्र गुपचूप मागच्या दाराशी. पन्नास माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकायची, पण नवरीच्या अंगाला हळद लागत असताना ती चुलीपाशी असायची. तिला कुणी हाकललेलं मी पाहिलं नाही. आपणच जाऊन बसायची, आणि याचाच मला लहानपणी फार राग यायचा.

या बाईचा जीव दोन गोष्टींत होता, एक म्हणजे आम्ही भावंडं आणि दुसरी म्हणजे पिच्चर. एकच पिच्चर किती वेळा पाहावा याला तिच्याजवळ हिशोबच नव्हता. टीव्हीवर पाहिलेला पुन्हा लागला की आम्ही कुरकुरायचो आणि ती चटई टाकून पुढे बसायची. हसायचा प्रसंग जवळ आला की मागे वळून सगळ्यांना बजावायची, "आता पाहा." आम्हाला पुढचं पाठ असायचं, तिलाही असायचं, तरी "आता पाहा" चुकायचं नाही. एकदा मी वैतागून विचारलं की काय होणार ते ठाऊक असताना काय पाहायचं. ती म्हणाली, "काय होते ते पाहाले थोडीच बसलो आपन? तुमचे तोंडं पाहाले बसलो." आता वयाच्या चाळिशीत मला पटतं ते. आवडता सिनेमा पहिल्यांदा आपण सिनेमासाठी पाहतो, नंतर शेजारी बसलेल्या माणसांसाठी.

भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. माझ्या आईच्या नात्यातले देवरामजी, लाखांदूरचे, बायको वारलेले (हेच पुढे आमचे मामाजी), यांच्याकडून आत्यासाठी मागणी आली. आमच्याकडे विधवेचा पाट लावतात, म्हणजे पुन्हा लग्न लावून देतात, पण तो कसा? अंधार पडल्यावर, घराच्या मागे, चार म्हाताऱ्यांसमोर, चोरी केल्यासारखा. वाजंत्री नाही, वरात नाही. आत्यानं दोनदा नाही म्हणून सांगितलं. "एकदा झालं ते पुरे. अंधारात जाऊन कोनाच्या घरात घुसू?" एवढंच बोलायची. देवरामजी माणूस सरळ होता, नोकरी पक्की होती, आणि मिशी अशी होती की डेपोत तिच्यावरून त्यांना हाक मारत. पण आत्या हलेना. बाबांना बहिणीची काळजी खात होती आणि बहीण त्यांना दाद देत नव्हती.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं, दिवसा दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ आणि बाजार, रात्री नाटक. त्या वर्षी बाबांना हौस आली. मोहाडीहून भाड्यानं रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर आणला, दुपारी पाहुण्यांना पिच्चर दाखवायला. सपरीत, म्हणजे घराच्या समोरच्या पडवीत, खिडक्यांवर ताडपत्र्या बांधल्या, पन्नासेक माणसं दाटीनं बसली. देवरामजीही पाहुणे म्हणून आले होते, दाराजवळ खांबाला टेकून मिशीवरून हात फिरवत होते. पिच्चर दोन सीड्यांचा. दुकानदाराच्या हाताळणीनं त्यांवरचे आकडे पार पुसून गेले होते. बाबांनी दोन्ही उजेडात धरून, जाणकारासारखी मान हलवून त्यातली एक घातली.

पिच्चर एकदम सुरूच झाला. एक झुबकेदार मिशीचा ट्रकवाला घरून निघतो, बायको हात हलवते, आणि पाचच मिनिटांत ट्रक पुलावरून नदीत. बायको पांढऱ्या लुगड्यात. सासरा तिला बाहेर काढतो. ती नदीतून काढलेला ट्रक दुरुस्त करून घेते, स्वतः चालवायला शिकते, आणि शेवटी त्याच पुलावर गाडी थांबवून पाण्याकडे पाहत उभी राहते. समाप्त. सपरीतल्या बाया हुंदके देत होत्या. माणसं उठायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "थांबा, आणखी एक सीडी आहे." ती घातली, आणि पडद्यावर नावं यायला लागली.

बाबांचा चेहरा मी पाहिला. त्यांना चूक कळली होती, पण समोर दोन गावचे जावई बसले होते आणि त्यांच्यासमोर ती कबूल करणं म्हणजे केवढी नामुष्की. घसा खाकरून ते म्हणाले, "आजकाल नावं मधातच दाखोतात." नावं संपली आणि तीच बाई रंगीत साडीत, जत्रेत बांगड्या विकत, खळखळून हसत समोर आली. मग तोच ट्रकवाला आला, पण तरुण, सफाचट, मिशी नाही. "हा तं मेला होता ना?" कुणीतरी विचारलं. सगळे बाबांकडे पाहू लागले. उत्तर दिलं ते आत्यानं, पुढच्या चटईवरून. "तो मिशीवाला होता. हा दुसरा होय. तोंड सारखं असलं म्हनून का झालं, डबल रोल राहात नाही का?" सपरीचं समाधान झालं. आणि काय सांगू, त्यानंतर तो पिच्चर असा रंगला... विधवा बाई दुसऱ्या गावी जाऊन बांगड्यांचं दुकान थाटते, तिला दुसरा भला माणूस भेटतो, दोघं भांडतात, रुसतात, आणि शेवटी भर उन्हात, बँड लावून, अख्ख्या गावासमोर त्यांचं लग्न लागतं. त्यावर पाटी आली, मध्यांतर. "म्हंजे पुढचं आपन समजून घ्याचं," बाबांनी घाईघाईनं सांगितलं आणि टीव्ही बंद केला. माणसं डोळे पुसत, हसत मंडईला गेली.

दोन दिवसांनी आत्या वाल सोलत बसली होती. बाबा समोर चहा पीत होते. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, त्या लाखांदूरवाल्याले निरोप धाडा. मिशी काढतो का म्हनाव." बाबांच्या हातातला चहा धोतरावर सांडला. निरोप गेला. आठ दिवसांत देवरामजी आमच्या दारात उभे, ओठांवर कोवळी गोरी पट्टी आणि चेहरा लाजेनं लाल. डेपोत त्यांना पहिल्या दिवशी कुणी ओळखलं नव्हतं म्हणे.

एवढ्यावर भागलं नाही. आत्यानं दुसरी अट घातली की पाट दिवसा लागेल आणि बँड वाजेल. आमच्या वाड्यातले म्हातारे ओट्यावर जमले. "पाटाले बाजा नसते, बाई," त्यांतले सगळ्यात मोठे म्हणाले, "आतापावेतो कोनं वाजवला नाही." म्हाताऱ्यांशी बायकांनी दाराआडून बोलायची रीत होती. आत्या चौकट ओलांडून समोर येऊन उभी राहिली. "मंडईच्या दिवशी पिच्चरमंधी वाजला तवा तुमीच ताल धरला होता, काका. मी पाहून राहिली होती. त्या बाईसाठी वाजला तं चालते, माह्यासाठी काहून नाही?" खरंच ताल धरला होता. माघातल्या भर दुपारी आमच्या अंगणात आंधळगावचा बँड वाजला, आणि हिरवा चुडा भरलेली माझी आत्या त्या अंगणातून, समोरच्या दारानं, डोक्यावर ऊन घेत लाखांदूरला गेली. मला त्या दिवसाचा अजून अभिमान वाटतो. पुढच्या दोन वर्षांत आमच्या ओळखीत आणखी दोन पाट दिवसा लागले आणि दोन्हीकडे बँड होता. कुणी तोंडातून अक्षर काढलं नाही.

सीड्या दुकानदारानं परत मागितल्या नाहीत, किंवा आत्यानं दिल्या नाहीत, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. दर मंडईला ती माहेरी यायची ती त्या दोन सीड्या पिशवीत घेऊन. नखपॉलिशनं तिनं त्यांवर आकडे घातले होते. जी खरी दुसरी, तिच्यावर एक. जी खरी पहिली, तिच्यावर दोन. वर्षानुवर्षं आमच्या सपरीत तो पिच्चर असाच लागला, आधी रडणं आणि मग हसणं. नव्या सुना-जावयांना आधी काही कळायचं नाही, पण दुसऱ्या वर्षी तेही सरावायचे. बांगड्यांच्या जत्रेच्या आधी आत्या मागे वळून "आता पाहा" म्हणायची, आणि मामाजी आपल्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवायचे.

मला खरी गोष्ट कळली ती नागपूरला, बी.एड.ला असताना. वसतिगृहाच्या टीव्हीवर तो पिच्चर सरळ लागला. मी तो शेवटपर्यंत पाहिला आणि पुलावरच्या समाप्तनंतर वेड्यासारखी वाट पाहत बसले, की आता बांगड्या येतील. त्या आल्या नाहीत, बातम्या लागल्या. सुट्टीत लाखांदूरला गेले तेव्हा मी जपून, तिचं मन दुखू नये अशा बेतानं तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मले मालूम आहे ना."

"कधीपासून?"

"नावं आली तवापासून. नावं कवा मधात येतेत का?"

"मग डबल रोल काय म्हणालीस?"

"दादाचं तोंड पाहवत नव्हतं," ती म्हणाली. मग भाकरी तव्यावर टाकून बोलली, "अन् तो पिच्चर ज्याहीनं बनोला, त्याहीनं त्या बाईले पुलावर उभी करून सोडून देल्ली. मले नाही आवडलं ते. माह्या घरी मी जसा लावन तसाच तो लागन." पुढे बाबा वारले, पण नावं मधातच दाखवतात हे त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही, आणि तिनंही त्यांना कधी उघडं पाडलं नाही.

अशी बाई नवरात्राच्या तोंडावर गेली. दहाव्याला न्हावी मामाजींसमोर बसला तर काढायला मिशीच नव्हती. ते त्याच्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "ते तिनंच काढून ठेवली आहे." तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि मामाजी खचले. जेवण अर्धं, बोलणं बंद, दाढी करायचं सोडून दिलं. दिवाळीला गेले तर ओठांवर पांढरी मिशी आलेली. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडावर मिशी पाहून मला भीतीच वाटली. पिच्चरमधला तो पहिला माणूस, जो पुलावरून जातो, तो माझ्यासमोर बसला होता. मी हट्टानं त्यांना मंडईला आंधळगावला घेऊन आले. त्यांनी कपड्यांची पिशवी भरली, त्यात आत्याच्या सीड्या दिसल्या.

सुतकाचं वर्ष, घरात सण नाही. आई म्हणाली, "यंदा पिच्चर नको, बाई. लोक काय म्हनतीन?" मामाजी म्हणाले, "मले बी नाही पाहवनार." ठरलं. पण दुपार झाली आणि सपरीत एकेक माणूस येऊन बसायला लागलं. कुणी बोलावलं नव्हतं. ज्यांनी तिच्यासाठी माघात बँड वाजवला होता त्यांच्यातला एक म्हातारा आला, दिवसा पाट लागलेल्या त्या दोघी आपापल्या नातवंडांना घेऊन आल्या. पुढची चटई कुणी तरी टाकली आणि तिच्यावर कुणी बसलं नाही. मी मामाजींना शोधायला मागे गेले तर ते दिसेनात. परत येऊन पाहते तो ते न्हाणीघरातून बाहेर येत होते. ओठांवर कापलं होतं, कापसाचा बोळा लावलेला. मिशी नव्हती. त्यांनी पिशवीतून सीड्या काढल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि माझ्या हाती दिल्या. "पयली लाव," ते म्हणाले. नखपॉलिशचा एक आकडा ज्यावर होता ती मी घातली.

ट्रक नदीत गेला. ती बाई पांढऱ्या लुगड्यात घराबाहेर पडली. सपरी रडली, मामाजी सगळ्यांपेक्षा जास्त, अगदी मोकळ्या गळ्यानं, आणि कुणी त्यांना आवरलं नाही. पुलावर ट्रक थांबला. समाप्त. एकही माणूस उठलं नाही. मी सीडी बदलली, नावं सरकायला लागली, तसे मामाजी दाराजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खांबापासून उठले, पुढे येऊन त्या रिकाम्या चटईवर बसले, आणि मागे वळून त्यांच्या त्या जुन्या, गाडीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "आता पाहा." सगळी सपरी हसायच्या तयारीनं पुढे सरकली.